दुसऱ्याचा सूर दुरुस्त करताना

स्टील गिटारवर पडदे नावापुरतेच असतात. पट्टीवर रेघा असतात, पण त्या फक्त खुणा. गिटार मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातला स्टीलचा गुळगुळीत बार तारांवरून सरकवायचा. बार जिथे थांबेल तिथला सूर. रेघेच्या किंचित अलीकडे थांबला तर सूर उतरतो, पलीकडे गेला तर चढतो. साध्या गिटारवरचा पडदा वादकाच्या लहानसहान चुका पोटात घालतो. इथे ती सोय नाही. म्हणून या वाद्याच्या रेकॉर्डिंगमध्ये वादकाचा हात जितका उघडा पडतो, तितका क्वचितच दुसरीकडे पडत असेल.

तारांवरून धातूचा तुकडा सरकवून वाजवण्याची ही पद्धत शोधण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाला दिलं जातं. पुढे ती जगभर गेली. ताऊ मो हा हवाईयन वादक १९४०च्या दशकात कोलकात्यात राहून वाजवत होता. मुंबईत व्हॅन शिपली आणि कोलकात्यात सुनील गांगुली यांनी सिनेमाच्या गाण्यांच्या चाली वाजवून हे वाद्य घरोघरी पोचवलं. ब्रिजभूषण काब्रांनी त्यावर राग वाजवले. आपल्याकडे त्याला सरसकट 'हवाईयन गिटार' म्हणतात. माझे बाबा कॉलेजात असताना ती शिकले, नोकरीत विसरले आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी पुन्हा माळ्यावरून खाली काढली. आता ते नाशिकच्या घरी बॅकिंग ट्रॅकवर जुनी भावगीतं वाजवतात, फाइल मला पाठवतात, आणि मी पुण्यात बसून मिक्स करतो.

बॅकिंग ट्रॅकची कल्पना जुनी आहे. १९५० साली अमेरिकेत 'म्युझिक मायनस वन' नावाची कंपनी सुरू झाली. तिच्या रेकॉर्डमध्ये बाकी सगळी वाद्यं असत, फक्त एक नसे. ते घरी बसून तुम्ही वाजवायचं. 'कराओके' या जपानी शब्दाचा अर्थच मुळी 'रिकामा वाद्यवृंद'. आता तर डीझर कंपनीने २०१९मध्ये खुल्या केलेल्या 'स्प्लीटर'सारख्या सॉफ्टवेअरने कुठल्याही गाण्यातून गायकाचा आवाज बाजूला काढता येतो. रिकामी जागा हवी तिथे तयार करता येते.

पण या सोयीत एक गोष्ट हरवते. आपल्याकडे तबलजीच्या कामाला 'साथ' म्हणतात. गाणारा जरा रेंगाळला की साथीदार रेंगाळतो, गाणाऱ्याचा श्वास कमी पडला तर जागा भरून काढतो. ट्रॅकला ऐकू येत नाही. तो सत्तरीकडे झुकलेल्या माणसाच्या बोटांसाठी अर्धी मात्राही थांबत नाही. सगळं जुळवून घेणं एकाच बाजूला येतं.

ही उणीव मग मिक्सिंगमध्ये भरून काढायची असते, म्हणजे ऐकण्याचं काम आता माझ्याकडे येतं. ट्रॅक आधीच दाबून, फुगवून मोठा केलेला असतो. त्यामुळे गिटार वाढवत नेण्यापेक्षा ट्रॅकच पाच-सहा डेसिबलने खाली आणणं बरं. गिटारचा आवाज जिथे गातो, त्या दोन-तीन किलोहर्ट्झच्या आसपास ट्रॅकमध्ये थोडी जागा करावी लागते. मग रिव्हर्ब, म्हणजे कोरडी गिटार आणि ट्रॅक एकाच खोलीत बसल्यासारखे वाटावेत एवढी घुमारी. आणि वेळ. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर झाला तर साथीदार साडेतीन मीटरवर बसलाय असं समजायचं. तेवढं चालून जातं. ब्लूटूथ हेडफोनवर ट्रॅक ऐकत वाजवलं तर हा उशीर १००च्याही पुढे जातो आणि सगळी फाइल मागे सरकवावी लागते.

इथपर्यंत कसलाही पेच नाही. पेच येतो तो सूर दुरुस्त करणाऱ्या खिडकीत. १९९७मध्ये ऑटो-ट्यून आलं. ते बनवणारे अँडी हिल्डब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींच्या नोंदींचं विश्लेषण करत असत. आता त्याच जातीची साधनं माझ्या लॅपटॉपवर आहेत. बाबांचा प्रत्येक सूर पडद्यावर एका ठिपक्यासारखा दिसतो आणि किती सेंट वर-खाली आहे ते आकड्यात कळतं. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर. ठिपका धरायचा, रेघेवर ठेवायचा, झालं. बाबांना कळणार नाही, कारण त्यांना आता बारीक आवाज पूर्वीसारखे ऐकू येत नाहीत. नातेवाइकांच्या ग्रुपवर वाहवा होईल. मग हरकत काय?

पियानोवादक ग्लेन गूल्डने १९६४मध्ये मैफली सोडल्या आणि १९६६मध्ये रेकॉर्डिंगची बाजू घेणारा एक लांब निबंध लिहिला. त्यात तो बाखच्या एका फ्यूगबद्दल सांगतो: सहावा टेक आणि आठवा टेक, दोन्ही आपापल्या जागी एकसुरी वाटत होते, म्हणून दोन्ही कापून जोडले आणि त्यातून चांगली रचना उभी राहिली. मला त्याचं म्हणणं पटतं. ऐकणाऱ्याला संगीत हवं असतं, वाजवताना किती घाम गाळला याचं प्रमाणपत्र नको असतं. पण त्या गोष्टीत एक साधी बाब आहे, जी सहज नजरेतून सुटते. ते दोन्ही टेक गूल्डचे होते आणि जोडायचं की नाही हे ठरवण्यातही तो होता. आपल्या हाताचं काय करायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. दुसऱ्याच्या हाताचं काय करायचं, हा वेगळा प्रश्न आहे.

कांटने १७९५मध्ये राजकारणाबद्दल लिहिताना एक कसोटी दिली होती: दुसऱ्याच्या हक्काशी संबंध असलेली एखादी गोष्ट ज्या तत्त्वावर करायची, ते तत्त्व उघड बोलून दाखवता येत नसेल, तर ती गोष्ट अन्यायाची. ही कसोटी घरातही चालते. विजेची घूं-घूं काढली, हे मी बाबांना फोनवर सहज सांगू शकतो. दुसऱ्या टेकमधला मुखडा घेतला, हेही सांगू शकतो. 'तुमचे एकतीस सूर सरकवले' हे वाक्य मात्र घशात अडतं. ज्या बदलाशी येऊन वाक्य अडतं, तिथे विचारायला हवं.

म्हणून मी काही न सरकवता दोन जागा लिहून काढल्या आणि फोन केला. पहिली जागा मुखड्यातला गंधार. तो दोन्ही वेळा चौदा-पंधरा सेंट उतरलेला दिसत होता. बाबा म्हणाले, "तिथं मागे नुसता सा आणि पा आहे. गंधार तिथेच गोड लागतो. हात लावू नकोस." मी हिशोब केला. सा आणि गंधार यांच्या कंपनसंख्या ४:५ या शुद्ध प्रमाणात असतील तर अंतर ३८६ सेंट येतं. कीबोर्डवर ते ४०० असतं. फरक चौदा. सॉफ्टवेअर बाबांना कीबोर्डच्या मापाने मोजत होतं. बाबा कानाने मोजत होते.

दुसरी जागा अंतऱ्यातला तार षड्ज. तो त्यांनी पुन्हा ऐकला आणि म्हणाले, "हा पडलाय. पाठवतो परत." चार दिवसांनी अकरा टेक आले. त्यातला नववा लावला.

मग त्यांनीच विचारलं, "लांब सुरावर हात कापतो, ते कळतं का?" मी कळतं म्हणालो. थोडा वेळ फोनवर कुणीच बोललं नाही. मग म्हणाले, "कळू दे. पण तो रिव्हर्ब कमी कर. काहीतरी झाकल्यासारखं वाटतंय."

विचारणं ही निव्वळ सभ्यता आहे असं आपण समजतो. या फोनने मला त्यातलं दुसरं अंग दाखवलं. कुठली चूक आहे आणि कुठला निर्णय आहे, हे पडद्यावरचा आकडा सांगू शकत नाही. चौदा सेंटचा गंधार निर्णय होता, षड्ज चूक होती आणि कंप या दोन्हींत न बसणारी तिसरीच गोष्ट होती. ते वय होतं. तिन्ही मला सारख्याच ठिपक्यांसारखे दिसत होते. न विचारता तिन्ही सरळ केले असते, तर बाबांच्या नावावर एक निर्दोष गाणं राहिलं असतं, पण ते कुणी वाजवलेलं नसतं.

हा प्रश्न काही गिटारपुरता नाही. आपल्या फोनचा कॅमेरा आई-वडिलांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या न विचारता पुसतो. जुन्या कॅसेटमधला आजीचा आवाज ॲप 'स्वच्छ' करून देतं आणि त्यात तिचा खोकला, मागची भांडी, मध्येच घेतलेला श्वास निघून जातो. बाबांना फोन तरी करता आला. आजीला विचारता येत नाही. तिथे कांटची कसोटीही तोकडी पडते, कारण उघड बोलायला समोर कुणी नसतं. तिथे मला एवढंच सुचतं की मूळ फाइल मोडू नये. मिक्स हवे तितके करावेत, पण पहिलं रेकॉर्डिंग जसं आलं तसं, तारीख घालून, वेगळं ठेवावं. आज मला जी चूक वाटते, ती चौदा सेंटचा गंधार निघाली, तर पुढच्या कुणाला तरी तो ऐकता यायला हवा.