किक मारून सुरू होणारी चारचाकी

आपल्या अहिल्यानगरजवळ संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही संस्था आहे. नवी गाडी रस्त्यावर उतरण्यालायक आहे का, हे तपासणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ती एक. पण गाडी कशी चालते हे उमगायला घरामागची पत्र्याची शेडही पुरते.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार आठवतात? मुलाच्या हट्टापायी त्यांनी भंगारातून, दुचाकीचे भाग वापरून चारचाकी उभी केली. खर्च सुमारे 60 हजार. किक मारली की सुरू! डिसेंबर 2021 मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, आणि पुढच्याच महिन्यात तिच्या बदल्यात लोहारांना नवी बोलेरो मिळाली. लोकांना बोलेरोचं अप्रूप. मला त्या किकचं.

कारण हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. मोटारसायकलच्या इंजिनाला रिव्हर्स गिअर नसतो. वाऱ्यावर थंड होणारं ते इंजिन सीटमागे गेलं की तापतं. वजन वाढतं, म्हणून मागचं चेनचक्र मोठं घ्यावं लागतं; वेग जातो, ताकद येते. रानातल्या मातीत ताकदच हवी. बाप पाईप धरून बसलाय आणि पोर वेल्डिंगचा टाका मारतंय, तेव्हा हे गणित डोक्यात पक्कं बसतं.

सुट्टीत असा उद्योग जरूर करा. मात्र हेल्मेट, पट्टा आणि इंजिन बंद करायचं बटण यांची सोय आधी. आणि गाडी आपल्या रानातच फिरवा. विनानोंदणी गाडी रस्त्यावर आणायला कायद्याची परवानगी नाही.