नदीचा शेजारधर्म

सुरत म्हटली की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० ही साले आठवतात. सुरतेत संसार थाटलेल्या आम्हा मराठी माणसांना मात्र १९६८ आणि २००६ ही साले अधिक जवळची वाटतात. ती तापीच्या महापुरांची आहेत. सुरक्षिततेचा विचार आपण परचक्राच्या भाषेत करतो. पण या शहरावर अलीकडचे संकट आले ते पाण्याच्या रूपाने, आणि तेही आमच्या माहेरच्या वाटेने.

तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते, खानदेशातून वाहत गुजरातेत येते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. वाटेत जळगाव जिल्ह्यात हतनूरचे धरण, पुढे गुजरातेत उकाई. नदी एक, राज्ये तीन. उधना, लिंबायत या वस्त्यांत खानदेशातली असंख्य कुटुंबे आहेत. शेत तिकडे, घर इकडे. ज्या पावसाने शेत पिकते, त्याच पावसाने घर बुडते.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून प्रचंड पाणी सोडावे लागले आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. दोष कुणाचा, याची चर्चा पुष्कळ झाली. मला त्यामागचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो : वरच्या गावाचे खालच्या गावाशी कर्तव्य कोणते?

वेळेवर सूचना द्यावी, हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. पूर सामावून घ्यायचा तर धरणात आधीच जागा रिकामी ठेवावी लागते. पुढे पावसाने दडी मारली, तर त्या रिकाम्या जागेची किंमत कालव्यावरचा शेतकरी मोजतो. म्हणजे शहराची निश्चिंती कुणाच्या तरी पिकाच्या जोखमीवर उभी असते. ज्याला तिचा लाभ, त्याने त्या तोट्यात वाटा उचलणे हाच न्याय होय. खालच्या गावाचेही कर्तव्य आहेच : नदीच्या पात्रात घरे बांधून तिची वाट अडवू नये.

१९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे रसायनांच्या गोदामाला आग लागली आणि विष ऱ्हाईन नदीतून थेट हॉलंडपर्यंत वाहत गेले. पुढच्याच वर्षी काठावरच्या देशांनी नदीसाठी संयुक्त कार्यक्रम आखला. परक्या राष्ट्रांना जे साधले, ते एकाच देशातील तीन राज्यांना कठीण का वाटावे?

पुराच्या रात्री सारेच मदतीला धावतात. शेजारधर्माची खरी कसोटी कोरड्या वर्षी लागते. सुरतेसाठी धरण रिते ठेवले आणि नंतर पाऊस आलाच नाही, तर त्या शेतकऱ्याच्या दारी आपण सुरतकर जाणार आहोत काय?