अनंतगिरीच्या वाटेवर

अनंता, दर्शन न घेताच जंगलात शिरले, रागावू नकोस. गुडघ्यात दम आहे तोवर रान, मग देऊळ, असा क्रम मीच लावला. तू शेषावर निजलेला देव. दोन-तीन तासांनी तुझं काही अडणार नाही. माझा गुडघा मात्र दुपारनंतर माझा राहत नाही.

हैदराबादच्या काचीगुड्यात साठ वर्षं काढली. तुझं विकाराबाद तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर, पण पाय आज लागले, तेही भाचीने ओढून आणलं म्हणून. देवळाजवळून निघायचं, झाडीतून वळसा घेत धबधब्याशी जायचं आणि पुन्हा देवळाशी यायचं. फार अवघड नाही, असं भाची म्हणाली होती. तिचं वय सव्वीस. तिच्याबरोबरचा एक पोरगा प्रत्येक उतारावर मागे वळून मला ‘आंटी, मेल्लगा, मेल्लगा’ म्हणत होता. त्या पोराला सुखात ठेव. माझ्या पोटच्या पोरांनीसुद्धा मला कधी ‘हळू’ म्हटलेलं नाही.

वाटेत लाल चिखल बुटांना धरून बसला. सीताफळं अजून हिरवी, डोळे मिटलेली. एका दगडावर वाणी किडा चालला होता. त्याचे ते असंख्य पाय एकामागून एक हलताना, वारा लागून भाताचं शेत लवावं तसे दिसत होते. माझी काठी टेकली तसा तो गुंडाळून चक्री झाला. मी थांबले. त्याने उलगडायला बराच वेळ घेतला, आणि तेवढा वेळ मला घाई नव्हती. ही घाई नसणं किती वर्षांनी दिलंस रे!

आणि तुझा तो धबधबा! दोन पुरुष उंचीचाही नाही. महाबळेश्वर पाहिलेल्याने हसावं. पण मी खाली बसून पाहिलं तर पाणी नुसतं वरून पडत नव्हतं, दगडातूनच येत होतं. हा डोंगर माथ्यावर जांभ्याचा, त्याखाली काळ्या कातळाचा. जाळीदार जांभा पावसाळाभर पाणी पीत राहतो, आणि खालच्या कातळाला अडलं की ते बाजूने झिरपू देतो. शेवाळाच्या टोकाला एकेक थेंब जाड होत होता, सुटत होता. अशाच झिरप्यांची मुसी नदी होते, याच डोंगरात. पुराणातला मुचकुंद इथल्याच गुहेत निजला होता आणि त्याच्या नावावरून ती मुचकुंदा, असं इथले लोक सांगतात. निजायला जागा त्याने चांगली निवडली.

अनंता, ही ओंजळभर मुसी पाहून मला आमच्या दारातली आठवली. 28 सप्टेंबर 1908 ला ती शहरात घुसली आणि हजारो माणसं घेऊन गेली. अफझलगंजच्या एका चिंचेवर चढून दीडशे माणसं वाचली. ती चिंच अजून आहे. पुढे इंजिनियर विश्वेश्वरय्यांना बोलावलं, नदीला बांध पडला आणि 1920 साली गंडीपेटचा तलाव पुरा झाला. गंडीपेटचं पाणी प्यालेला माणूस हैदराबाद सोडत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. मी तेच प्याले. म्हणजे याच दगडातलं पाणी पीत मी वाढले, आणि ते मला आज कळलं.

आता कबूल करते. मलकपेटला नोकरीला जाताना बावीस वर्षं चादरघाटचा पूल रोज ओलांडला. सणाच्या दुसऱ्या दिवशी निर्माल्य पिशवीत भरायचं, पिशवीला गाठ मारायची, नाकाला पदर लावायचा आणि कठड्यावरून सोडून द्यायची. वर हात जोडायचे! तुझ्या दोऱ्याच्या चौदा गाठी मी दर वर्षी मोजून मारल्या. पंधरावी त्या प्लास्टिकची, ती कधी मोजली नाही. नाल्यांनी, कारखान्यांनी नदी नासवली असं मी चारचौघांत तावातावाने बोलते. ते खोटं नाही. पण तुझ्यापुढे दुसऱ्यांची नावं घेऊन काय करू?

परवा तुझी चतुर्दशी. हातातला जुना दोरा उतरेल, नवा बांधीन. जुना या वेळी पुलावर जाणार नाही, तुळशीच्या कुंडीत मातीखाली जाईल. सासूबाई असत्या तर वाहत्या पाण्याचा हट्ट धरला असता. त्यांची समजूत तूच घाल, तुझ्याकडेच आहेत त्या.

मोठं काही मागत नाही. मुसी पुन्हा निर्मळ कर, असंही म्हणत नाही. आम्ही केलेलं तू का निस्तरावंस? एवढंच कर: आता पूल आला की रिक्षातून मान फिरवू नये, नाकाचा पदर काढून खाली बघावं, एवढं धैर्य दे. या शेवाळावरच्या थेंबाची तीच थोरली बहीण आहे, हे त्या वासातही आठवू दे.

पोरं हाका मारताहेत. अजून अर्धा वळसा बाकी आहे, मग तुझं देऊळ, आणि संध्याकाळची गाडी विकाराबादहून गाठायची आहे. गुडघा तेवढा सांभाळ.