बारा कोंबड्यांचा हिशेब

अकोले तालुक्यातल्या एका वाडीत एका आजीच्या बारा कोंबड्या होत्या आणि एक कोंबडा. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की सगळी फौज आधी उकिरड्यावर जायची. तिथल्या अळ्या वेचून झाल्या की गोठ्यात, गाईच्या अंगावरच्या गोचिडांसाठी. मग बांधावरचं कोवळं गवत, खळ्यात सांडलेली नाचणी. या हिरव्या चाऱ्यानंच अंड्याचा बलक गर्द केशरी व्हायचा. काहीजण गावरान अंड्याला औषधच समजतात; आजी तसलं काही सांगत नसे. मानमोडीची लस मात्र ती चुकवत नसे. तरी मुंगूस, घार यांचा वाटा जायचाच.

बाजाराच्या दिवशी टोपलीत दहा-पंधरा अंडी असायची. ती घटकाभरात संपायची आणि उरलेली गिऱ्हाइकं हात हलवत जायची. हे नातवाला बघवेना.

"आजी, आपली कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देणार, वर खुडूक होऊन बसणार. पिंजऱ्यातली ३०० देते!"

"देऊ दे की. आपल्याला कुठं पिंजरा भरायचाय?"

पुढं आजीचे गुडघे धरले आणि बाजार नातवाकडे आला. त्यानं शहरातून तपकिरी अंड्यांचे ट्रे आणले, भाताच्या तुसात नीट मांडले आणि गावरानच्या भावानं विकले. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो, चाऱ्यावर नाही. पण बाजारात रंगाला मोल. आठवड्याला दोनशे अंडी जाऊ लागली. पिंजऱ्यातलं अंडं काही विष नव्हे, गरिबाच्या ताटात तेच स्वस्त पडतं. पण ते त्याच्या नावानं विकावं की नाही?

शेजारच्या गावची एक मावशी खुडूक कोंबडीखाली ठेवायला डझनभर अंडी घेऊन गेली. पंधरवड्यानं तीच अंडी घेऊन ती भर बाजारात उभी राहिली.

"पोरा, सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात धरली, एकातही शीर दिसंना. आजून ठेवून बघितली, तरी तशीच. तुझा कोंबडा मेला का?"

नातू गप्प. पिंजऱ्यांच्या शेडमध्ये कोंबडा नसतोच. तिथलं अंडं २१ दिवस काय, वर्षभर उबवलं तरी पिल्लू निघत नाही. आसपासच्या बायकांनी हे ऐकलं. त्या दिवशी ट्रे भरलेलेच परत गेले.

आजीला कळलं. ती रागावली नाही, फक्त म्हणाली, "त्या बाईची कोंबडी पंधरा दिवस उपाशीपोटी फुकट बसली." मग तिनं नातवाला सगळे पैसे परत करायला पाठवलं आणि मावशीला वाडीवर यायचा निरोप दिला.

मावशी आली. अंड्यांच्या टोपलीकडे न बघता आधी अंगणात फिरली. कोंबड्या मोजल्या: बारा, त्यातल्या दोन खुडूक. कोंबडा कुंपणावर होता. मग टोपलीतली अंडी मोजली, आठवड्याची अठरा भरली.

"जमतंय," ती म्हणाली, आणि त्यातली बारा पदरात घेऊन भावासाठी घासाघीस न करता पैसे मोजले.