मुक्तीचे ऋण कोणावर?

ज्याला आपण दास्यातून सोडवले, त्याने आजन्म आपले उपकार स्मरावेत काय? प्रश्न जुना आहे. पण भामरागडच्या अरण्यात तो अजून शिळा झालेला नाही.

नाशिकजवळ शरणपूर येथे एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीच्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी एक वसाहत उभारली. इंग्रज आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तेथे अक्षरे गिरवीत, सुतारकी-लोहारकी शिकत. जेकब वेनराइट हा त्यांच्यापैकीच. १८७२ साली तो डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीस आफ्रिकेत परतला. मे १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन निवर्तले, तेव्हा त्या आफ्रिकी सोबत्यांना अडवणारा कोणीही साहेब तेथे नव्हता. तरीही त्यांनी लिव्हिंग्स्टन यांचे हृदय झाडाखाली पुरले, जेकबने प्रार्थना वाचली आणि सुमारे नऊ महिन्यांनी देह सागरकिनारी पोचवला. एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब होता. बहुतेक सोबत्यांना मात्र किनाऱ्यावरच पगार देऊन निरोप मिळाला.

‘त्यांनी ऋण फेडले,’ असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. देवाने स्वतःच्या प्रतिरूपात घडवलेल्या माणसाचे स्वातंत्र्य मुळात त्याचेच असते. ते परत करणारा दाता नव्हे. तो केवळ हिरावलेली वस्तू ज्याची त्याला देतो. आणि हिरावणाऱ्यांत आपणही होतो. पोर्तुगीज अमलातील गोव्यात ख्रिस्ती घरांतून आफ्रिकी गुलाम राबत. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेनेगलमधील गोरे नावाच्या बेटावर या पापाबद्दल क्षमायाचना केली.

ऋण नव्हते, म्हणूनच जेकबने वाहिलेला भार अनमोल ठरतो. तो वेठीचा नव्हता, प्रेमाचा होता. संत पौल फिलेमोनला हेच विनवतो: ओनेसिमला दास म्हणून नव्हे, बंधू म्हणून स्वीकार, आणि तुझे सत्कृत्यही सक्तीचे नसावे, स्वेच्छेचे असावे.

इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम यांच्या संगमाच्या परिसरातील माडिया बांधवांविषयी आपण सहज बोलून जातो, ‘त्यांना जमिनीचे पट्टे दिले, शिक्षण दिले.’ परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नावातच ‘मान्यता’ हा शब्द आहे, ‘दान’ नव्हे. त्याची प्रस्तावना पूर्वीच्या वर्तनाला ऐतिहासिक अन्याय म्हणते.

तेव्हा वह्या-औषधे घेऊन आपण त्या पाड्यांवर जाऊ, तेव्हा जोडलेल्या हातांची वाट पाहू नये. अन्यायाची भरपाई करणाऱ्याला आभार मागण्याचा अधिकार नसतो. त्यांनी आपणहून घोटभर पाणी पुढे केले, तर ते परतफेड समजून नव्हे, बंधूचे देणे समजून नम्रपणे घ्यावे.