खांब कुणाचा?

सुरतेच्या डिंडोली भागात खानदेशातून आलेलं एक कुटुंब भाड्यानं राहत होतं. मुलगा लूमच्या कारखान्यात जायचा, आई घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची. इमारत जुनी, खाली नुसत्या खांबांवर उभं पार्किंग, वर चार मजले. एक दिवस घरमालकानं तोच फ्लॅट त्यांना विकत देऊ केला. भाव झेपणारा होता. आत नवं पीओपी, चकचकीत फरशी, ताजा रंग. मुलगा म्हणाला, उद्याच इसार देऊ. आई म्हणाली, आधी कुणा जाणकाराला दाखवू.

घर तपासून देणारा एक माणूस आला. त्यानं कामात कसर ठेवली नाही. फरशी ठोकून पोकळ लाद्यांवर खुणा केल्या, भिंतीला ओल मोजायचं यंत्र लावलं, प्रत्येक प्लगचं अर्थिंग पाहिलं. यादी लांबली, पण खर्च आवाक्यातला होता. न्हाणीच्या कोपऱ्यात मात्र वरच्या मजल्यावरून ओल उतरत होती. तिच्या मागावर तो पार्किंगपर्यंत आला आणि एका खांबापाशी थबकला. खांबाला उभी भेग होती. तिच्यावर नुकताच रंग फिरवलेला, आणि त्या रंगातूनही गंजाचा तांबूस ओघळ बाहेर आलेला.

"मावशी, माझं काम इथं संपलं," तो म्हणाला. "भेग आहे, एवढं मी लिहून देतो. ती किती खोल गेलीय, खांब किती भार पेलेल, ते मला मोजता येत नाही, म्हणून सांगणारही नाही. स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा."

या गोष्टीत मला हाच माणूस सर्वांत मोठा वाटतो. 'किरकोळ आहे' म्हणाला असता तर सगळेच खूश झाले असते.

दलाल म्हणाला, "बेन, ही तर प्लास्टरची भेग. कुठल्या बिल्डिंगला नसते?" मुलगाही कुरकुरला, "एकदा तपासणी झाली ना, माय? परत दुसऱ्याला कशाला पैसे?"

"ताक्यावरचा डाग बघणारा वेगळा आणि माग उघडून बसणारा मिस्त्री वेगळा. कारखान्यात तुला हे कळतं, मग घराला का नाही?"

आईच्या मनात पाली गाव होतं. ६ जुलै २०२४ रोजी सुरतेजवळच्या सचिन भागातल्या त्या गावात इमारत कोसळून सात माणसं गेली. ती बांधून दहा वर्षंही झाली नव्हती. जुनी माणसं २६ जानेवारी २००१ ची आठवण अजून काढतात. भूकंप झाला कच्छात, साडेतीनशे किलोमीटरहून लांब, तरी सुरतेत इमारती पडल्या.

इंजिनीअर आला तो फ्लॅटमध्ये शिरलाच नाही. आधी त्यानं इमारतीचा नकाशा मागितला, मग एकेक खांब पाहत फिरला. "हा खांब घरमालकाचा नाही, तुमचाही नाही," तो म्हणाला. "वरच्या चारही मजल्यांचा आहे. सोसायटीनं सांगितलं तरच फोडून बघता येईल."

सेक्रेटरी कचरले. महापालिकेची नोटीस आली तर? फ्लॅटचे भाव पडले तर? आणि सांगणार कोण, तर एक भाडेकरू बाई! ती दारोदार गेली, बायकांना खाली घेऊन आली आणि भेग दाखवली. पोरं त्याच खांबाभोवती खेळत होती. आठवड्याच्या आत सगळ्यांच्या सह्या झाल्या.

इंजिनीअरनं हातोडीसारखं यंत्र टेकवून काँक्रीटचा कठीणपणा मोजला, ध्वनिलहरी आरपार सोडल्या. मग भेगेजवळचं आवरण फोडून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं. चांगलं काँक्रीट त्यानं गुलाबी होतं. इथं सळीपर्यंत रंग उमटलाच नाही. लोखंडाला जपणारा काँक्रीटमधला क्षारधर्म हवेनं खाल्ला होता, त्यात वरच्या नळीचं पाणी वर्षानुवर्षं झिरपत होतं. सळी गंजली होती, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तोच खांबाला आतून फोडत होता.

"पाडावी लागेल का, साहेब?" सेक्रेटरींनी विचारलं.

"नाही. अजून वेळ गेलेली नाही. आजच टेकू लावा. सैल काँक्रीट काढून, सळ्या घासून, झिजल्या तिथं नव्या जोडून खांबाभोवती नव्या काँक्रीटचं जॅकेट करू. पण आधी पाणी थांबवा. ओल चालू राहिली तर माझं काम टिकणार नाही. ती येते कुठून?"

आईनं पहिल्या माणसाची यादी पुढे केली. ओलीची वाट तिच्यात न्हाणीपासून खांबापर्यंत नीट लिहिलेली होती. प्लंबरनं तोच कागद हातात धरून फुटकी नळी शोधली आणि बदलली. मग खांबाचं काम सुरू झालं. खर्च सगळ्या घरांनी वाटून घेतला, आणि घरमालकाशी असं ठरलं की इंजिनीअरचं प्रमाणपत्र हाती आल्यावरच इसार द्यायचा.