सातचा नऊ

वीस वर्षांनी द्यायच्या 1 लाख रुपयांसाठी आज किती बाजूला ठेवायचे? 7 टक्के दर धरला तर सुमारे 25,800 रुपये. 9 टक्के धरला तर 17,800. एक्सेलच्या एका चौकटीत सातचा नऊ केला, की माणशी आठ हजारांचं देणं कागदावरून पुसलं जातं. खोटी सही नाही, अफरातफर नाही. ज्याचं म्हातारपण असं स्वस्त झालं, तो त्या वेळी दुसऱ्या पाळीत मशीनवर उभा असतो.

या दराला डिस्काउंट रेट म्हणतात. तो तज्ज्ञांचा विषय समजून आपण सोडून दिला, पण मुळात तो गणिताचा नाही, दानतीचा प्रश्न आहे.

अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहराने आपल्या पेन्शन फंडांसाठी 8 टक्क्यांच्या आसपास दर धरला होता; गुंतवणुकीवर तेवढं सुटेल ही आशा. पण सुटेल ही आशा आणि देऊ हे वचन. पीक चांगलं येणार म्हणून सावकाराचं देणं वहीत आजच कमी लिहावं, तसा हा हिशेब. 2013 मध्ये शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. कारणं इतरही होती, पण कात्री निवृत्तांवरही चालली: सर्वसाधारण कर्मचाऱ्यांचं पेन्शन साडेचार टक्क्यांनी घटलं, वार्षिक महागाईवाढ गेली.

आपल्याकडे ग्रॅच्युइटीच्या हिशेबाला लेखामानक 15 सरकारी रोख्यांचा दर लावायला सांगतं. नियम चोख आहे. मात्र दर बांधला तरी पगारवाढीचा अंदाज उरतोच. तो पाडला की देणं पुन्हा घटतं. (दर फाजील कमी धरणंही निष्पाप नाही, त्याची झळ आजच्या पगाराला लागते.)

सरकारचं तर आणखी सोपं. रोखीच्या हिशेबात यंदा वाटलेलं पेन्शन दिसतं, पुढे वाटायचं दिसत नाही. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी संप केला, राज्याचा कारभार विस्कळीत झाला. एकीकडे हक्क, दुसरीकडे तिजोरी. ‘दर कोणता धरलात?’ हा प्रश्न मात्र माझ्या कानी आला नाही.

कारखान्यातल्या युनियनने तो बोनसच्या वाटाघाटींतच विचारावा. आणि कंपनीने मूल्यांकनाचं एक पान मराठीत काढावं: धरलेला दर, धरलेली पगारवाढ, दर एक टक्क्याने उतरला तर देणं किती वाढतं. ते फाटकावरच्या नोटीस बोर्डावर लावावं, पाळ्यांच्या वेळापत्रकाशेजारी.